एका छिद्राला तीन रीमर : सुट्या अवजारांचा हिशेब

लेथ, फिटिंग आणि इंजिन दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांना रीमरची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. ड्रिलने पाडलेले भोक गोल, गुळगुळीत आणि नेमक्या मापाचे करायचे म्हणजे रीमर फिरवायचा, हे कारखान्यात आलेला शागीर्दसुद्धा पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. परंतु एकाच छिद्रात तीन-चार वेगवेगळी मापे असतील, कुठे उतार, कुठे खांदा, पुढे अरुंद गळा असा आकार असेल, तर काय करावे? सर्व मापे एकदम कापणारा एकच घडीव रीमर घ्यावा, की प्रत्येक मापासाठी सुटा रीमर ठेवावा? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु अवजारात किती पैसा अडकवायचा, कामाची जबाबदारी कोणावर पडते आणि गिऱ्हाईक परत येते की नाही, या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

या प्रश्नाचा सर्वांत बारीक विचार अमेरिकेतील रायफल बनविणाऱ्या परवानाधारक कारागिरांनी केला आहे. म्हणून या अंकात आम्ही त्यांच्या कामाचे उदाहरण घेत आहोत. उद्देश बंदूक बनविण्याचा नाही, कारागिरी समजून घेण्याचा आहे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक बनविणे, विकणे, तिच्यात फेरफार करणे, इतकेच नव्हे तर तिची दुरुस्ती करणे यासाठीही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय असे काम करणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा कोणी ओळखीचा माणूस नळीचे काम घेऊन लेथवर आला तर ते हातात घेऊ नये, हे प्रथमच सांगून आम्ही मुख्य विषयाकडे वळतो.

चेंबर म्हणजे काय?

रायफलच्या नळीत मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी जी पोकळी कोरलेली असते तिला चेंबर म्हणतात. काडतुसाची पितळी पुंगळी बाटलीसारखी असते. खाली रुंद धड, वर उतरता खांदा आणि पुढे गोळी धरून ठेवणारी अरुंद मान. चेंबरचा आकारही तसाच असतो. मानेच्या पुढे आणखी एक छोटा भाग येतो, त्याला घसा म्हणतात. गोळी पुंगळीतून सुटल्यावर नळीतील पिळदार खोबणीत शिरण्यापूर्वी या घशातून जाते. म्हणजे एकाच छिद्रात धड, खांदा, मान आणि घसा असे चार भाग, प्रत्येकाचे माप निराळे, आणि चारही एकाच मध्यरेषेवर असले पाहिजेत.

माप किती बारीक पाहावे लागते याचा एक दाखला देतो. १९५२ साली बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर हे काडतूस जगभर चालते. त्याच्या चेंबरची खोली खांद्यावरील ठरावीक रेषेपर्यंत मोजतात. ती तपासण्याचा 'गो' गेज १.६३० इंचाचा आणि 'नो-गो' गेज १.६३४ इंचाचा असतो. पहिल्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दोहोंत फरक फक्त चार थाऊचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. अमेरिकेत ही मापे १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था ठरविते. युरोपात हेच काम सीआयपी ही संस्था करते.

हा काटेकोरपणा हौसेचा नाही. .३०८ च्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पौंड हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या दोन हजार पटींहून अधिक झाला. चेंबर जास्त खोल गेला तर पुंगळी बुडाजवळ ताणली जाऊन फाटू शकते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. उलट मान फार घट्ट झाली तर पुंगळीला गोळी सोडण्यापुरते फुगायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम वाढतो. कारागिराच्या चार थाऊंच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या डोळ्याने किंवा बोटांनी मोजावी लागते.

एकाच रीमरची सोय आणि अडचण

सर्वसाधारण पद्धतीत धड, खांदा, मान आणि घसा हे चारही भाग एकाच रीमरवर घासून तयार केलेले असतात. त्याच्या पुढच्या टोकाला पायलट असतो. तो नळीच्या छिद्रात बसून रीमरला वाट दाखवितो. या रीमरचा मोठा गुण असा की चारही भाग एकाच केंद्रावर घासलेले असल्यामुळे ते एकमेकांशी सरळ रेषेत राहतात. मान धडाच्या मधोमध येईल की नाही, ही चिंता कारागिराला करावी लागत नाही. ती चिंता अवजार बनविणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. कामही लवकर उरकते. एकाच मापाची शंभर कामे करणाऱ्याला यापेक्षा चांगले अवजार नाही.

अडचण येते ती गिऱ्हाईक आपल्या आवडीचे माप मागू लागते तेव्हा. निशाणेबाजीच्या स्पर्धेत उतरणारा माणूस कारखान्याचे काडतूस वापरत नाही, स्वतः भरतो. त्याला मान घट्ट हवी असते, कारण मान जितकी नेमकी तितकी गोळी मध्यावर राहते. .३०८ च्या मानेचे प्रमाण माप सुमारे ०.३४४ इंच आहे. हा गिऱ्हाईक ०.३४० मागतो, दुसरा ०.३३८ मागतो. तिसऱ्याला लांब आणि जड गोळी वापरायची असते, म्हणून घसा लांब हवा असतो. चौथा हलकी गोळी वापरतो, त्याला घसा आखूड हवा असतो. एका रीमरमध्ये ही सर्व मापे एकमेकांना बांधलेली असतात. घसा पाच थाऊ पुढे न्यायचा म्हटले तर रीमर पुढे ढकलावा लागेल, आणि रीमर पुढे गेला की धडही पाच थाऊ खोल जाईल. तिथे 'नो-गो' गेज आत जाईल आणि नळी बिघडेल.

दुसरी अडचण धारेची. कठीण पोलादात धडाचा मोठा भाग कापताना सर्वाधिक माल निघतो आणि धार तिथेच मरते. मान व घशाची धार शाबूत असते, परंतु धडाची गेली म्हणून संपूर्ण रीमर पुन्हा घासायला पाठवावा लागतो. घासला की तो थोडा बारीक होतो, आणि नेमक्या मापाच्या अवजाराला बारीक होणे परवडत नाही.

सुटे रीमर कसे वाटून घेतात?

यातून वाट काढण्यासाठी काम वाटून दिले जाते. पहिला रफ रीमर, अंतिम मापाहून थोडा बारीक. तो माल काढतो, ठोकर खातो आणि फिनिश रीमरची धार वाचवितो. काही कारागीर रफ रीमरऐवजी ड्रिल आणि बोअरिंग टूलने बराचसा माल आधी काढतात. बोअरिंग टूलचा फायदा असा की वाकडे गेलेले छिद्रही ते सरळ करते. रीमर हे करू शकत नाही. रीमर आधीच्या छिद्रामागे जातो. छिद्र वाकडे असेल तर रीमर ते सुंदर गुळगुळीत वाकडे करील.

दुसरा धडाचा फिनिश रीमर. तो धड आणि खांदा कापतो, गेजप्रमाणे खोली याच टप्प्यावर ठरते. त्याच्यावरील मानेचा भाग मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. तिसरा मानेचा रीमर. तो गिऱ्हाइकाने मागितलेले मानेचे माप देतो. आणि शेवटी घशाचा रीमर. घशाचा व्यास या रीमरवर कायम असतो, लांबी मात्र तो किती आत न्यायचा यावर ठरते. म्हणून एकच घशाचा रीमर आखूड, मध्यम आणि लांब अशा सर्व मागण्या भागवितो. वापराने नळीचा घसा झिजतो आणि गोळी खोबणीपासून दूर राहू लागते. तेव्हा कारागीर नळी मागून थोडी कापून चेंबर पुन्हा बसवितो आणि घसा सुट्या रीमरने हव्या तितक्या लांबीचा करतो.

हा क्रम उलटा करता येत नाही. घशाची लांबी खांद्यापासून मोजायची असते. खांदाच नक्की झाला नसेल तर घसा कशावरून मोजणार? ज्या मापावर दुसरी मापे उभी आहेत ते माप आधी पक्के करायचे, हा नियम येथे डोळ्यांसमोर दिसतो.

आकडेमोड करून पाहा

आता धंद्याची गोष्ट. समजा एका कारागिराकडे मानेची चार मापे आणि घशाच्या तीन लांब्या मागणारी गिऱ्हाइके आहेत. प्रत्येक जोडीसाठी एकसंध रीमर घ्यायचा म्हटले तर चार गुणिले तीन, म्हणजे बारा रीमर लागतील. सर्व काही सुटे केले तर धडाचा एक, मानेचे चार आणि घशाचा एक असे सहा पुरतील. निम्मा पैसा वाचला असे वाटते.

परंतु तिसरा मार्गही आहे. धड आणि मान एकाच रीमरवर ठेवायची आणि फक्त घसा सुटा करायचा. मग मानेप्रमाणे चार रीमर आणि घशाचा एक, असे पाचच होतात. शिवाय धड आणि मान एका केंद्रावर घासलेली असल्यामुळे ती सरळ रेषेत राहण्याची हमी मिळते. अमेरिकेतील बरेच नामवंत कारागीर हाच मधला मार्ग धरतात, त्याचे कारण या साध्या हिशेबात आहे. सगळे सुटे केले म्हणजे सगळे स्वस्त झाले, असे समजू नये.

मग मानेचा सुटा रीमर कोणाला परवडतो? ज्याच्याकडे एकाच धडाची, पण निरनिराळ्या मानांची कामे येतात त्याला. .३०८ विंचेस्टरच्याच पुंगळीवरून पुढे बरीच काडतुसे निघाली. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .३५८ विंचेस्टर, १९८० साली ७ मिमी-०८ रेमिंग्टन, १९९७ साली .२६० रेमिंग्टन. या सर्वांचे धड आणि खांदा एकाच घराण्याचे, फरक मुख्यतः मानेत आणि गोळीच्या जाडीत. खोली तपासण्याचे गेजही एकच चालते. अशा ठिकाणी धडाचा एक रीमर आणि एक गेज सर्व भावंडांना पुरते. प्रत्येकासाठी मानेचा रीमर आणि नळीच्या छिद्राप्रमाणे बदलता येणारा पायलट घेतला की झाले. येथे सुटी अवजारे खरोखर पैसे वाचवितात.

तेव्हा उत्तर अवजारात नाही, आपल्याकडे येणाऱ्या कामात आहे. मागील वर्षाची वही उघडावी आणि कोणते माप कायम राहिले, कोणते बदलत गेले ते पाहावे. जी मापे नेहमी एकत्र येतात ती एका अवजारावर ठेवावीत. जे माप गिऱ्हाईकागणिक बदलते तेवढेच सुटे करावे.

जबाबदारी कोठे जाते?

सुट्या रीमरची खरी किंमत पैशात नसते. एकसंध रीमरमध्ये मापांचा आपसांतील मेळ अवजार बनविणाऱ्याने जमवून दिलेला असतो. अवजार सुटे केले की तो मेळ जमविण्याचे काम आपल्या हातात येते. प्रत्येक वेळी रीमर बदलताना नळी लेथवर पुन्हा मध्यावर आहे का, पायलट छिद्रात सैल तर नाही, रीमर सरळ शिरतो आहे का, हे डायल लावून पाहावे लागते. तीन रीमर म्हणजे चूक होण्याच्या तीन जागा. ज्याच्याकडे डायल नाही किंवा डायल लावण्याइतका धीर नाही, त्याने एकसंध रीमरच वापरावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

जबाबदारीचा दुसरा भाग काम झाल्यावर सुरू होतो. स्पर्धेत नाव मिळविलेले ६ पीपीसी हे काडतूस लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७० च्या दशकात तयार केले. त्याच्या चेंबरची मान बहुधा ०.२६२ इंच ठेवतात. इतक्या अरुंद मानेत नेहमीच्या जाडीची पुंगळी सुरक्षित बसत नाही. पुंगळीची मान बाहेरून कातून पातळ करावी लागते. म्हणून चांगला कारागीर नळीवरच मानेचे माप ठोकून ठेवतो. ती रायफल उद्या दुसऱ्याच्या हाती गेली तर त्याला कळावे की या नळीत कोणतीही पुंगळी चालणार नाही. वरून सर्व नळ्या सारख्याच दिसतात, आतला फरक डोळ्यांना दिसत नाही. प्रमाण मापापासून हटून काम केले असेल तर ते मालावर लिहून देणे हा त्या कामाचाच भाग आहे.

आपल्या कारखान्यात याचा उपयोग

हे सर्व दूर देशातील आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. गॅरेजमध्ये इंजिनच्या हेडचे काम करणारा प्रत्येक कारागीर हीच पद्धत रोज वापरतो. व्हॉल्व्हची सीट कापताना ४५ अंशांचा कटर मुख्य सीट काढतो, ३० अंशांचा वरची कड उतरवितो आणि ६० अंशांचा खालचा गळा मोकळा करतो. तीन सुटे कटर, आणि तिघांनाही वाट दाखविणारा पायलट व्हॉल्व्ह गाइडमध्ये बसलेला. म्हणून गाइड आधी बदलायची, रीमर मारून मापात आणायची आणि मगच सीटला हात लावायचा. झिजलेल्या गाइडमध्ये पायलट टाकून सीट कापली तर सीट चमकेल, पण व्हॉल्व्ह एका बाजूला बसेल आणि महिन्याभरात गाडी पुन्हा दारात उभी राहील.

सुट्या कटरचा फायदाही तोच. सीट फार रुंद झाली तर वरचा किंवा खालचा कटर हलकेच फिरवून ती अरुंद करता येते, वर-खाली सरकविता येते. तीनही कोन एका पात्याने काढणारी यंत्रे आली आहेत. त्यांत काम झटपट होते आणि तीनही कोन एका मध्यावर येतात, परंतु प्रत्येक इंजिनासाठी निराळे पाते लागते. एकाच कंपनीच्या गाड्यांचे काम घाऊक करणाऱ्याला ते यंत्र परवडेल. आज ट्रॅक्टर, उद्या रिक्षा, परवा जनरेटर असे काम करणाऱ्याला सुटे कटरच बरे.

मोर्स टेपरचे सॉकेट बनविणाऱ्यांनाही हा विषय नवा नाही. त्यासाठी रफ आणि फिनिश असे दोन रीमर जोडीने मिळतात. रफ रीमरच्या धारेवर खाचा असतात, त्यामुळे कीस तुटून पडतो. पैसे वाचविण्यासाठी पुष्कळजण फक्त फिनिश रीमर घेतात आणि सगळा माल त्यानेच काढतात. चार-सहा कामांत त्याची धार जाते आणि वाचविलेल्या पैशांहून अधिक पैसे नव्या रीमरला मोजावे लागतात. टेपर पिनचेही तसेच. प्रमाण पिनचा उतार ५० ला १ असतो, म्हणजे ५० मिमी लांबीत व्यास एक मिमीने बदलतो. मोठ्या पिनसाठी एकाच मापाचे ड्रिल आरपार मारण्यापेक्षा पायरीपायरीने दोन-तीन ड्रिल मारली तर रीमरला थोडाच माल काढावा लागतो.

साधे सरळ भोक असले तरी माल किती ठेवायचा याचा अंदाज हवा. १० मिमीच्या भोकाला रीमरसाठी सुमारे ०.२ मिमी माल ठेवतात. फार कमी ठेवला तर रीमर कापण्याऐवजी घासतो, फार ठेवला तर खोबणीत कीस अडकून भोकाला ओरखडे पडतात. वेग ड्रिलच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा, फीड ड्रिलपेक्षा जास्त द्यावा. तेल भरपूर असावे. आणि रीमर बाहेर काढताना उलटा कधीही फिरवू नये. उलटा फिरविला की कीस धारेमागे शिरतो आणि धार तुटते. १२ मिमीच्या बुशला एच-७ फिट हवा असेल तर सारी सूट १८ मायक्रॉनची असते. तेवढ्यात बसायचे तर यांतील एकही गोष्ट ढिली सोडून चालत नाही.

शेवटी

अवजारे विकणारा नेहमी सांगेल की एकाच अवजारात सर्व काम होते, किंवा उलट सांगेल की पूर्ण संच घेतल्याशिवाय काम होत नाही. दोघांचेही ऐकण्यापूर्वी आपली वही पाहावी. बदलणारे माप सुटे करा, न बदलणारी मापे एकत्र ठेवा, ज्या मापावर बाकीची उभी आहेत ते आधी पक्के करा आणि गेज घेतल्याशिवाय दोन नंबरच्या कामाकडे जाऊ नका. एक लहान वही किंवा पाटी प्रत्येक लेथजवळ टांगून ठेवावी. कोणत्या रीमरने किती भोके झाली, केव्हा धार लावली आणि धार लावल्यावर माप किती उतरले, हे त्यावर लिहावे. हुनर हातात असतो हे खरे, पण तो शागिर्दाच्या हाती सोपवायचा तर असे लिहून ठेवलेले माप उपयोगी पडते.